गोळी बंद करू का, बाई?

दवाखाना बंद करून खूप वर्षं झाली. तरी वर्ध्याच्या भाजीबाजारात एखादा माणूस समोर येतो, मला पाहतो आणि त्याचा हात नकळत गालाकडे जातो. मग मी समजते, हा आपला पेशंट. चेहरे माझ्या लक्षात राहिले नाहीत. तोंड उघडलं तर कदाचित ओळखीन.

बाई दातांची डॉक्टर आहे, हेच त्या काळी लोकांना नवल होतं. दारात आलेला माणूस मला बघून विचारायचा, "डाक्टरसाहेब कुठं हाय?" मीच डॉक्टर म्हटलं की तो माझ्या मनगटांकडे बघायचा. दात काढणं हे ताकदीचं काम आहे असा सगळ्यांचा समज. तसं ते नाही. दात ओढून निघत नाही. त्याला हळूहळू हलवत हाडातली त्याची जागा सैल करायची, मग तो आपणहून हातात येतो. खरी परीक्षा त्यानंतर असते. दाताच्या जागी खड्डा उरतो, खड्ड्यात रक्त भरतं आणि ते विरजणासारखं धरतं. ते धरलं की जखमेला झाकण बसलं. माझं निम्मं आयुष्य त्या झाकणाची वाट पाहण्यात गेलं.

ते झाकण न धरणारा पहिला माणूस मला भेटला तो रेल्वेतून निवृत्त झालेला एक गार्ड. उंच, शिस्तीचा, बोलणं मोजकं. खालचा एक दात हलत होता. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "काही औषध चालू आहे का?"

"नाई जी."

दात सहज निघाला. कापसाचा बोळा दाबून धरायला सांगून मी त्यांना घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टॉवेल तोंडाशी धरून बायकोसोबत दारात उभे. टॉवेल लाल. मी बोळा दाबला, थांबलं. बोळा काढला, पुन्हा सुरू. टाका घातला, टाक्याच्या बाजूने पाझरू लागलं. मला काही कळेना. हिरड्या चांगल्या, रक्तदाब चांगला, दातसुद्धा अखंड निघालेला. गार्डसाहेब खुर्चीत शांत बसून होते, जणू गाडीला सिग्नल मिळायचा आहे.

त्यांची बायको म्हणाली, "बाई, यायची सकाळची गोळी राह्यली. देऊ का?"

"कसली गोळी?"

"पायाची. पायाच्या शिरेत रक्त गोठलं होतं ना, तवापासून रोज एक घेते."

मी गार्डसाहेबांकडे वळले. "अहो, काल तर म्हणालात औषध नाही!"

त्यांनी तोंडातला बोळा बाजूला केला आणि ठासून सांगितलं, "औषध नाईच. औषध बाटलीत राह्यते. हे गोळी हाय."

तेव्हापासून मी प्रत्येकाला वेगवेगळं विचारू लागले. औषध घेता का, गोळी घेता का, सुई टोचून घेता का, काढा, भस्म, पुडी काही? लोक हसायचे. पण उत्तरं निघायची.

त्या गोळीला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात. रक्त काही त्याने पाण्यासारखं होत नाही. ते गोठायला जास्त वेळ लागतो, एवढंच. आम्हाला शिकवलं होतं आणि पुस्तकातही होतं, की दात काढायच्या आधी काही दिवस ही गोळी बंद करावी, दात काढावा, मग पुन्हा सुरू करावी. आमच्या गावातले फिजिशियन डॉ. काळे हेच सांगत. गार्डसाहेबांची गोळी त्यांनी थांबवली, मी पुन्हा टाके घातले, आणि रक्त थांबलं. मला वाटलं, चला, एक गोष्ट कळली. बंद करा, काढा, सुरू करा.

मग वत्सला आली आणि जे कळलं होतं तेही गेलं.

वत्सला तळेगावची. आर्वीच्या पुढे नागपूर-अमरावती रस्त्यावरचं ते मोठं गाव. नवऱ्याची, देवरावांची, संत्र्याची बाग होती. तिचा भाऊ वर्ध्याला लागूनच बोरगाव मेघेला राहायचा, तिथे मुक्कामाला येऊन ती दोघं माझ्याकडे आली. पस्तिशीची बाई, अंगाने बारीक, डोळे मात्र चौकस. दिवस उन्हाळ्याचे, वीज गेलेली. पंखा थांबल्यामुळे दवाखान्यात सगळं शांत होतं. मी तिच्या तोंडात वाकले आणि मला टिक्-टिक् ऐकू आलं. मी माझं घड्याळ कानाला लावलं. ते नव्हतं. भिंतीवरचं बंदच पडलेलं.

देवराव म्हणाले, "घड्याळ नोका शोधू बाई. तिचं काळीज हाय ते."

लहानपणी वत्सलाला सांधे सुजवणारा ताप आला होता. त्या तापाने हृदयाची झडप खराब होते, हे तिच्या घरच्यांना फार उशिरा कळलं. दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात तिची झडप काढून धातूची बसवली. एका पिंजऱ्यात एक गोळा वरखाली होत असे, त्याचा तो आवाज. आणि त्या परक्या वस्तूवर रक्त गोठून ती अडकू नये म्हणून आयुष्यभर ही गोळी.

"रातच्याला मले झोप येत नव्हती पहिले," देवराव म्हणाले. "टिकटिक चालू राह्यली की. आता थे नाई आयकू आली तं झोप येत नाई."

वत्सलाने त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं आणि तोंड उघडलं. खालच्या दाढेची नुसती मुळं उरली होती आणि बाजूने पू येत होता.

अडचण काय होती ते सांगते. दाताचा पू रक्तात उतरला की तो अशा झडपेवर जाऊन बसतो आणि माणूस हातचा जाऊ शकतो. म्हणजे दाढ ठेवता येत नाही. गोळी चालू ठेवून दाढ काढली तर रक्त थांबेल याचा भरवसा नाही. आणि गोळी बंद केली तर झडपेवर गुठळी धरू शकते, ती अडकली तर झडप बंद, सुटून डोक्यात गेली तर अर्धं अंग गेलं. कुठूनही पाहिलं तरी समोर भिंत.

वत्सलाने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाई, एकच सांगा. गोळी बंद करू का?"

"आज नाही सांगत."

"मंग कव्हा सांगान?"

"विचारून सांगते."

विचारलं आणि गोंधळ वाढला. डॉ. काळे म्हणाले, "बंद करा. थोड्या दिवसांत काही होत नाही. तोंडातून रक्त वाहत राहिलं तर काय करणार आहात?" मी ज्यांच्याकडे शिकले ते नागपूरचे सर म्हणाले, "हल्ली काही जण बंद न करता काढतात म्हणे. मी काढलेला नाही. तू काढलास तर मला कळव." पुस्तकात पाहिलं, तर पुस्तक झडपेबद्दल काही बोलतच नव्हतं. ते लिहिलं तेव्हा असल्या झडपा निघाल्या तरी होत्या का कोण जाणे.

रक्त गोठायला किती वेळ लागतो याची एक तपासणी असते. ती वर्ध्यात केली, खात्री करायला नागपूरलाही केली. दोन्हीकडचे आकडे वेगळे. एकाच बाईचं रक्त, तिने गोळीही तीच घेतलेली. मी वर्ध्याच्या प्रयोगशाळेत जाऊन विचारलं, "यातला खरा कोणता?"

तिथले गृहस्थ म्हणाले, "दोन्ही खरे, मॅडम. त्यांचं रसायन वेगळं, आमचं वेगळं."

"मग मी कोणता धरू?"

"तुम्हाला जो बरा वाटेल तो."

शेवटी मी ठरवलं, ज्यांनी झडप बसवली त्यांनाच विचारावं. मुंबईला ट्रंक कॉल लावला. त्या काळात ट्रंक कॉल म्हणजे आधी नंबर नोंदवायचा आणि मग फोनजवळून हलायचं नाही. देवराव समोरच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. दुपारकडे घंटी वाजली. पलीकडे प्रत्यक्ष सर्जनसाहेब. मी इंग्रजीत, आणि ओरडून, सगळं सांगितलं. रस्त्यावरचे दोन रिक्षावाले आत डोकावून गेले. पलीकडून साहेब बोलू लागले. लाइनवर भाकरी भाजल्यासारखा तडतड आवाज. त्या तडतडीतून मला 'टॅबलेट्स' ऐकू आलं. मग काहीतरी गेलं. मग 'स्टॉप' ऐकू आलं.

"सर, स्टॉप की डोन्ट स्टॉप?"

पुन्हा तडतड. पुन्हा 'स्टॉप'. त्याच्या आधी काही होतं की नव्हतं, देव जाणे. आणि मग अगदी स्वच्छ, शेजारच्या खोलीतून बोलावं तसं ऐकू आलं, "इज दॅट क्लिअर?" आणि लाइन तुटली.

देवराव उठून उभे राहिले. "काय म्हणे साहेब?"

"म्हणाले, समजलं का?"

"मंग? समजलं का?"

"नाही."

ते पुन्हा बसले. फोन परत लावला तर साहेब ऑपरेशनमध्ये, नंतर लावला तर साहेब गावाला गेलेले. वत्सलाचा गाल तोवर सुजू लागला होता. आता थांबणं म्हणजे पू आत उतरायची वाट पाहणं होतं.

त्या दुपारी मी दवाखान्याला आतून कडी लावून एकटीच बसले. हुशारीचं काही सुचलं असं मी म्हणणार नाही. एवढंच वाटलं, की तोंडातून रक्त आलं तर ते मला दिसेल आणि त्यावर मला बोट ठेवता येईल. झडपेवर गुठळी धरली तर ती ना दिसेल, ना माझं बोट तिथे पोचेल. जिथे बोट पोचतं तिथलं संकट घ्यावं. हे शास्त्र होतं की नुसती भीती, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही.

मी डॉ. काळ्यांना सांगितलं, "गोळी बंद न करता काढते."

ते म्हणाले, "मला पटलेलं नाही. मी अजूनही बंदच करा म्हणतो." छत्री उचलून दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "सकाळी काढा. दिवस हाताशी राहील. मी येऊन बसतो."

पटलेलं नसताना येऊन बसणारा माणूस मी त्यानंतर फारसा पाहिला नाही.

सकाळी आधी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. खालची दाढ बधिर करायला नेहमी जबड्याच्या मागे खोल सुई घालतात. ती मी टाळली, कारण तिथे आत रक्त साकळलं तर घशाशी सूज येते. हिरडीतच थोडं थोडं औषध सोडलं. मुळं एकेक करून, हाडाला शक्य तेवढा धक्का न लावता काढली. खड्ड्यात नागपूरहून आणलेला, विरघळून जाणारा स्पंज ठेवला, वरून काळ्या रेशमाचे टाके घेतले, त्यावर गॉझची घडी, आणि वत्सलाला म्हटलं, "चावून धर. बोलू नको."

घडी लाल झाली. बदलली. दुसरीही लाल झाली. मग मी माझं बोटच ठेवलं आणि दाबून उभी राहिले. डॉ. काळे कोपऱ्यात वर्तमानपत्र उघडून बसले होते. पान काही उलटत नव्हते. खोलीत टिकटिक चालू होती, आणि माझं बोट नकळत त्या टिकटिकीची गणती करू लागलं होतं. वत्सला माझ्याकडे एकटक बघत होती. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसत होतं कोण जाणे. मी हसायचा प्रयत्न केला, तर तिने डोळे मिटले.

थांबलं. बोट उचललं तेव्हा खड्ड्याच्या तोंडाशी गडद लाल, चकचकीत थर धरला होता. डॉ. काळे उठून आले, चष्मा वर करून त्यांनी पाहिलं आणि "हं" म्हणाले.

मी देवरावांना नीट समजावलं. आज चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, गरम चहा नाही, दातांना गुडाखू अजिबात नाही. गुडाखू म्हणजे गुळात मळलेली तंबाखू, मिश्रीसारखी. आमच्याकडच्या कितीतरी बायका ती दातांना लावतात आणि विचारलं तर नाही म्हणतात. गोळी मात्र रोजच्या वेळेला घ्यायची.

"चूळ नाई भरायची?" वत्सलाने बोळ्याआडून विचारलं. लोकांना हेच सगळ्यात अवघड जातं. तोंडात रक्ताची चव आली की माणूस चूळ भरतो, आणि धरलेलं झाकण धुऊन जातं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखाना उघडत होते तोच देवराव सायकलरिक्षातून उतरले. चेहरा पांढरा.

"बाई, तोंडातून कलेजीवानी काईतरी बाहेर येऊन राह्यलं."

वत्सला मागे पदर तोंडाशी धरून बसली होती. तिला आत घेतलं. खड्ड्यावर काळपट, लिबलिबीत गोळा वाढला होता आणि त्याच्या खालून रक्त पाझरत होतं. असा गोळा दिसला की लोकांना वाटतं गोठलं, बरं झालं. उलट तो कच्चा गोळा काढावाच लागतो, तो असेपर्यंत खालचं रक्त थांबत नाही.

मी विचारलं, "चूळ भरलीस?"

मान हलली. नाही.

"चहा? गुडाखू?"

नाही.

"दुखलं म्हणून काही घेतलंस?"

"औषध नाई घेतलं बाई."

मी थांबले. "गोळी?"

"गोळी घेतली ना. डोकंदुखीची. वयनीनं देली. दोनदा."

डोकंदुखीची म्हणजे ॲस्पिरिन. रक्त गोठू न देणारी दुसरी गोष्ट, आणि तीही मायेने दिलेली. तिच्या वहिनीला काय बोलणार? काय करायचं नाही ते सगळं मी सांगितलं होतं, ही डोकंदुखीची गोळीच कशी कोणाच्या मनात आली नाही, याचा मी आजही विचार करते. दुखलं तर माणूस घरातली गोळी घेणारच.

डॉ. काळ्यांना बोलावणं धाडलं. ते आले, पाहिलं आणि बॅगेतून एक बाटली काढली. व्हिटॅमिन के. ते टोचलं की त्या रोजच्या गोळीचा परिणाम उतरतो, रक्त पुन्हा गोठू लागतं. तोंडात गोठतं तसं झडपेवरही गोठू शकतं. बाटली हातात धरून ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. ते मला विचारत होते की सांगत होते, मला समजेना. त्यांनाही समजत नसावं.

देवराव मध्येच म्हणाले, "बाई, खरं सांगा आता. गोळी बंद करू का?"

"नको," मी म्हटलं. आवाज माझा नव्हता.

डॉ. काळ्यांनी बाटली टेबलावर ठेवली. बॅगेत नाही, टेबलावर. "अर्धा तास बघू," ते म्हणाले.

मी तो गोळा काढून टाकला, खालचा ढिला टाका नव्याने घेतला, उरलेला स्पंज भरला. माझी मदतनीस शांताबाई हिला ओली चहापत्ती गॉझमध्ये बांधून आणायला सांगितली, कारण चहातल्या तुरटपणाने रक्त थांबायला मदत होते, हे आम्हाला शिकवलेलं होतं. ती पुरचुंडी खड्ड्यावर ठेवून मी बोटाने दाबलं. बाहेर बाजार सुरू झाला. कापसाच्या बैलगाड्यांचे दिवस नव्हते, तरी रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी "बाजूले हो ना बे" म्हणून ओरडत होतं. माझा हात भरून आला तसा मी दुसरा लावला. वत्सलाच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे जात होतं, पण ती हलली नाही. मधेच तिने हात वर करून माझं मनगट धरलं. मला वाटलं दुखतंय, म्हणून मी दाब कमी केला. तर तिने माझं मनगट उलट खाली दाबलं. जोरात दाबा, असं ती सांगत होती.

अर्धा तास कधी होऊन गेला ते कुणी पाहिलं नाही. पुरचुंडी उचलली तेव्हा खड्डा कोरडा होता. आम्ही सगळे त्या खड्ड्याकडे पाहत राहिलो. पाझरला नाही. आणखी थोडं थांबलो. नाही पाझरला. डॉ. काळ्यांनी टेबलावरची बाटली उचलून बॅगेत टाकली.

वत्सलाचा पहिला शब्द होता, "भूक लागली."

त्या दिवशी ती माझ्याच घरी गार ताकभात जेवली आणि दवाखान्याच्या बाकावर झोपली. तिची टिकटिक शांताबाईला भारी आवडली. मधूनमधून ती जाऊन ऐकून यायची.

नंतर मी डॉ. काळ्यांना विचारलं, "आपण बरोबर केलं का?"

"बंद केली असती तर दुसऱ्या दिवशी हे झालं नसतं."

"ॲस्पिरिनने झालं."

"असेल."

"आणि बंद केली असती तर झडपेचं?"

"काही झालं नसतं. बहुतेक." ते हसले. "तेच तर. कळायला दोन वत्सला लागतील. एकीची बंद करायची, एकीची चालू ठेवायची."

वत्सला त्यानंतर अनेक वर्षं येत राहिली, एवढं मी खात्रीने सांगू शकते. बाकी कशाचीच खात्री मला नाही. ती गोळी घेणारे माझ्याकडे फार नव्हते, पण जे होते त्यांच्या बाबतीत कधी त्यांच्या डॉक्टरांनी गोळी बंद करवली, कधी चालू ठेवू दिली. बंद केलेल्यांपैकीही काहींचं रक्त वाहिलं, चालू असलेल्यांचं अनेकदा मुकाट थांबलं. मला त्यातून एक सरळ रेघ काढता आली नाही. आजचे तरुण डॉक्टर सांगतात की साध्या दातासाठी सहसा गोळी बंद करत नाहीत, तपासणीचे आकडे सगळीकडे सारखे येतात, तोंडात नुसतं धरून ठेवायचं, रक्त थांबवणारं औषधही निघालंय. ऐकून बरं वाटतं. वाचणाऱ्यांना एवढंच सांगेन, की अशी गोळी आपल्या मनाने बंद करू नका आणि आपल्या मनाने चालूही ठेवू नका. देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. हे सांगायला मला एक कारण आहे.

शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी होते. त्यांना सगळं गाव गुरुजीच म्हणायचं, मीही. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत, म्हणून त्यांना तीच गोळी होती. वरची दाढ दुखत होती. ते काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला घेऊन आले. डॉ. काळ्यांशी मी आधी बोलून घेतलं होतं. तोवर तेही चालू ठेवण्याच्या बाजूला झुकले होते. मी गुरुजींना स्पष्ट सांगितलं, "गोळी बंद करायची नाही. घेऊनच या."

ते म्हणाले, "पण बाई, माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनला बंद केली होती डॉक्टरांनी. काही त्रास झाला नाही."

"ते पोट होतं गुरुजी. पोटात आत बोट दाबून धरता येत नाही. तोंडात येतं."

"पटलं," ते म्हणाले. वर्गात विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर आल्यावर म्हणत असतील, तसं. काकूंनीही मान हलवली. पुढच्या आठवड्यात यायचं ठरलं.

त्या दिवशी ते आले नाहीत. दुपारी निरोप आला, की गुरुजींना सकाळी लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा काकू दारातच म्हणाल्या, "यायनं गोळ्या बंद केल्या होत्या जी. मी म्हटलं, बाई तं नाई म्हणाल्या. तं म्हणे, बाईचा जीव चांगला आहे, त्या म्हणणारच. पण त्यांना कायले त्रास द्याचा? रक्त थांबलं नाही तर त्या घाबरतील. आपण तयारी करून जाऊ."

गुरुजींना तपासायला आलेले डॉ. काळे मला बाजूला घेऊन म्हणाले, "गोळीमुळेच झालं असं नाही. चालू असतानाही होतं. नक्की सांगता येत नाही." ते मला धीर देत होते की खरंच तसं होतं, हे मी त्यांना विचारलं नाही. आता ते नाहीत, त्यामुळे विचारताही येत नाही. मी 'घेऊनच या' म्हटलेलं गुरुजींनी ऐकलं होतं, समजून घेतलं होतं, पटलं असंही म्हटलं होतं. मग काय कमी पडलं?

दाढ मात्र तशीच होती. काही महिन्यांनी काकू त्यांना रिक्षातून घेऊन आल्या. आता गोळी पुन्हा सुरू होती आणि दाढ काढणं भाग होतं. खुर्चीत बसवताना शांताबाईने आणि मी त्यांना दोन्हीकडून धरलं. त्यांनी तोंड उघडलं, एका बाजूने जास्त, एका बाजूने कमी. मी गोळी चालू ठेवूनच दाढ काढली. स्पंज, टाके, गॉझ, आणि त्यावर माझं बोट. रक्त आलं, नेहमीपेक्षा थोडं जास्त, आणि थांबलं. इतकं साधं होतं ते.

बोट काढलं तेव्हा गुरुजींनी डाव्या हाताने मला थांबायची खूण केली आणि ते बोलू लागले. लकव्यानंतर ते एखादाच शब्द काढत, काकू म्हणाल्या. पण आता ते सबंध वाक्य बोलले. लांब, चढउतार असलेलं वाक्य, शेवटी प्रश्न विचारावा तसा सूर. त्यातला एकही शब्द मला लागला नाही. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, त्यांनाही कळलं नव्हतं. गुरुजी माझ्याकडे बघत होते, उत्तराची वाट पाहत.

मी म्हटलं, "हो, गुरुजी."

त्यांच्या चेहऱ्याची हलणारी बाजू हसली. समाधानाने त्यांनी डोळे मिटले आणि डाव्या हाताने माझा हात थोपटला. मी कशाला हो म्हटलं, ते मला आजतागायत माहीत नाही.